पायरोची पायरी

मराठीत पूर म्हणजे पाणी. ग्रीकमध्ये पूर म्हणजे आग. प्राचीन ग्रीकांचा हा शब्द उच्चाराला आपल्या 'पूर'च्या अगदी जवळचा होता, फक्त त्यातला ऊ जरा ई-कडे झुकलेला. लॅटिनच्या वाटेनं तो युरोपभर पसरला, इंग्रजी तोंडात त्याचा 'पायर' झाला आणि आपल्यापर्यंत तो 'पायरो' होऊन पोचला: पायरोमीटर, पायरोलिसिस, पायरोटेक्निक्स, अँटिपायरेटिक. गंमत अशी की आजचा ग्रीक माणूस साध्या बोलण्यात आगीला 'फोतिया' म्हणतो. जुना पूर तिथेही आता बहुतेक करून जोडशब्दांतच राहिला आहे.

शब्दकोशात पाहिलं तर 'पायरो म्हणजे आग' एवढं मिळतं आणि तेवढ्यावर भागत नाही. कधी ती खरी आग असते, कधी अंगातला ताप, कधी नुसता लाल रंग, तर कधी दीडदोनशे वर्षांपूर्वी एखाद्या प्रयोगशाळेत पेटलेली आणि केव्हाच विझलेली भट्टी. विज्ञान वाचायला नुकती सुरुवात केलेले विद्यार्थी, नवे भाषांतरकार आणि औषधाच्या वेष्टनावरचं बारीक अक्षर वाचायची सवय असलेली मंडळी, या सगळ्यांची इथे फसगत होते. माझीही झाली आहे. म्हणून ही वाट पायरी पायरीनं.

आधी घराणं पाहू, म्हणजे पुढे नातीगोती चुकणार नाहीत. आपला 'अग्नी' आणि हा 'पूर' सख्खे नाहीत. इंडो-युरोपीय भाषांच्या मूळ पिढीत आगीला दोन वेगळे शब्द होते. एकाच्या वंशात संस्कृत अग्नी, लॅटिन इग्निस आणि रशियन ओगोन. दुसऱ्याच्या वंशात ग्रीक पूर, हित्ती पह्हुर, जर्मन फॉयर आणि इंग्रजी फायर. फायर आणि पूर एकच कसे, असं वाटलं तर पितृ–फादर आणि पाद–फूट या जोड्या आठवा. ग्रीक-संस्कृतातला 'प' इंग्रजी-जर्मनच्या शाखेत 'फ' झाला आहे. म्हणजे इंग्रजीत 'पायरो' हा फायरचाच परदेशात वाढलेला भाऊ, बऱ्याच वर्षांनी वेगळ्या आडनावानं घरी परतलेला.

पहिली पायरी: आग आहे का, ते आधी बघा

शब्द 'पाय'नं सुरू झाला की आग दिसायला लागते. ही सवय सगळ्यात आधी मोडावी लागते.

एका वैद्यकीय मजकुराचं भाषांतर करताना मी 'पायोजेनिक जिवाणू'चं 'ज्वरजनक जिवाणू' करून ठेवलं होतं. मजकूर तपासणाऱ्या डॉक्टरबाईंनी समासात एकच अक्षर लिहून तो परत पाठवला: 'पू'. पायोजेनिक म्हणजे पू निर्माण करणारा, आणि पायरोजेनिक म्हणजे ताप निर्माण करणारा. फरक एका 'र'चा, पण रोग्याच्या दृष्टीनं तो भलताच मोठा. ग्रीकमधला पू-वाचक शब्द आणि आपला 'पू' (संस्कृत पूय) हे एकाच मुळाचे, त्यामुळे एकदा कळलं की विसरायचं कारण नाही: 'पायो' आपल्या पूचा नातेवाईक, 'पायरो' आगीचा.

इथे मराठीत आणखी एक खाचखळगा आहे. हिरड्यांच्या 'पायोरिया'ला आपण सर्रास 'पायरिया' म्हणतो. त्यात 'पायर' स्पष्ट ऐकू येतो, पण तो 'र' आगीचा नसून वाहण्याचा आहे. पू आणि वाहणं, मिळून पायोरिया. डायरियाच्या शेपटीतही हेच वाहणं आहे.

अशीच आणखी काही सोंगं. जठराच्या खालच्या तोंडाला 'पायलोरस' म्हणतात, तो ग्रीक द्वारपाल आहे. पोटात अल्सर करणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूच्या नावात तोच द्वारपाल उभा आहे, त्याचा आगीशी संबंध नाही, पोटात कितीही जळजळ होवो. 'प्युरीन' हे नाव एमिल फिशरनं लॅटिनमधल्या शुद्ध आणि युरिक या शब्दांवरून घडवलं, तेव्हा तेही बाद. 'पिरॅमिड'च्या बाबतीत लोक हमखास ज्वालेच्या निमुळत्या आकाराचा दाखला देतात. प्लेटोनं चार मुखांचा घनाकार आगीला बहाल केला होता हे खरं, पण शब्दाची व्युत्पत्ती त्यावरून ठरत नाही. पिरॅमिडच्या ग्रीक नावाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही, आणि त्यातल्या त्यात ऐकू येणारं स्पष्टीकरण गव्हाच्या एका टोकदार पदार्थाचं आहे. गव्हाचा ग्रीक शब्द लिहायला जवळजवळ आगीसारखाच, त्यामुळे गोंधळ जुनाच.

'पायरेक्स'चं उदाहरण मला सगळ्यात आवडतं. भट्टीत टिकणारी काच, नावात पायर, मग आणखी काय हवं? पण 1915 मध्ये कॉर्निंग कंपनीनं हे नाव बाजारात आणलं तेव्हा पहिल्या वस्तूंत पाय भाजायची बशी होती (हा पाय म्हणजे सारण भरलेला भाजीव पदार्थ), आणि कंपनीच्या आधीच्या एका काचेचं नाव 'नोनेक्स' होतं. त्या 'एक्स'ला बशीतला 'पाय' जोडला, मध्ये उच्चाराच्या सोयीसाठी 'र' घातला, अशी त्याची कथा सांगतात. आग नंतर लोकांनीच त्यात पाहिली.

आणि संगणकातली मंडळी 'पाय' लावतात तेव्हा तो बहुतेक वेळा पायथन या भाषेचा असतो. पायटॉर्चमध्ये टॉर्च असूनही ती मशाल नाही.

दुसरी पायरी: शेपूट वेगळं करा

खात्री पटली की आग आहे, मग पुढचा तुकडा तोडून बघा. ही पायरी सोपी आहे, कारण शेपटं मोजकी आणि इतरत्रही भेटणारी आहेत. मीटर मोजणारं, ग्राफी रेखाटणारी (पायरोग्राफी म्हणजे तापलेल्या टोकानं लाकडावर चित्र डागणं), फाइट म्हणजे वनस्पती (पायरोफाइट म्हणजे वणव्याशी जमवून घेतलेली झाडं, काही पाइनची शंकू-फळं तर वणव्याच्या आचेशिवाय उघडतच नाहीत), क्लास्ट म्हणजे फुटलेला तुकडा, फोरिक म्हणजे वाहून नेणारा, मेनिया म्हणजे वेड.

दोन शेपटांपाशी जरा थांबू. 'लिसिस' म्हणजे सुटं होणं. पायरोलिसिस हा शब्द पाहून पुष्कळ जण 'जाळणं' असं समजतात, आणि तिथेच चुकतात. जळायला ऑक्सिजन लागतो. पायरोलिसिसमध्ये तो मिळू द्यायचा नसतो, किंवा अगदी कमी द्यायचा असतो. लाकूड बंद जागेत तापवलं की त्यातले मोठे रेणू तुटतात, वायू आणि डांबरासारखे द्रव बाहेर पडतात आणि मागे कोळसा उरतो. कोळशाची भट्टी मातीनं लिंपतात ती यासाठीच. चुलीतल्या लाकडाकडे नीट पाहिलं तर ज्वाळा लाकडाला चिकटलेली नसते, किंचित वर असते, कारण पेटलेला असतो तो आचेनं लाकडातून निघालेला वायू. म्हणजे प्रत्येक ज्वाळेच्या आधी एक पायरोलिसिस होऊन गेलेलं असतं. शब्दातली आग इथे प्रत्यक्षात फक्त उष्णता आहे. हा धडा पुढे पुन्हापुन्हा लागेल.

'मीटर'चंही तसंच. अठराव्या शतकात पायरोमीटर म्हणजे तापवल्यावर धातूची सळई किती लांबते ते दाखवणारं यंत्र होतं. 1782 मध्ये जोसाया वेजवूड या कुंभकाम करणाऱ्या इंग्रजानं वेगळी युक्ती केली: ठरावीक मापाचे मातीचे तुकडे भट्टीत टाकायचे, ते आचेनं आक्रसतात, मग ते निमुळत्या खाचेत सरकवून किती आत जातात ते बघायचं. त्याच्या मोजपट्टीचे आकडे खऱ्या तापमानापेक्षा फारच जास्त निघाले, पण भट्टीची आच अंदाजानं नाही तर मापानं सांगायची ही धडपड होती. आजचा पायरोमीटर तापलेल्या वस्तूकडून येणारं प्रारण दुरून वाचतो. कपाळासमोर धरून ताप मोजायचं पिस्तूल हा त्याचाच थंड स्वभावाचा वंशज. आग मोजणाऱ्या यंत्राच्या वंशजानं ताप मोजावा, हा योगायोग ग्रीकांना आवडला असता. का ते पुढच्या पायरीवर कळेल.

एक इशारा: 'पायरॅनोमीटर' हा पायरोमीटर नव्हे. त्यात मध्ये 'वर' या अर्थाचा ग्रीक तुकडा आहे. तो आकाशाकडे तोंड करून बसतो आणि सूर्याकडून येणारं सगळं प्रारण मोजतो. सौरऊर्जेच्या लेखांत हे दोन शब्द एकमेकांच्या जागी छापलेले मी पाहिले आहेत.

तिसरी पायरी: आग इथे काय करते आहे, ते विचारा

सगळं इंगित या पायरीवर आहे. शेपूट कळलं तरी आगीची भूमिका कळत नाही. तो प्रश्न प्रत्येक शब्दाला वेगळा विचारावा लागतो.

सगळ्यात सरळ शब्द ते, ज्यांत आग स्वतः काम करते. पायरोक्लास्टिक म्हणजे ज्वालामुखीनं फोडून उधळलेलं. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसनं पाँपेई गाडलं आणि 8 मे 1902 रोजी माँ पेले या ज्वालामुखीनं मार्टिनिक बेटावरचं सेंट पिएर हे शहर काही मिनिटांत संपवलं, ते तापलेली राख, वायू आणि दगड यांच्या अशाच लोंढ्यांनी. इथे लाव्हा डोळ्यांसमोर आणू नका. लाव्हापासून बहुतेक वेळा पळता येतं, या लोंढ्यापासून येत नाही. पायरोफोरिक म्हणजे हवा लागताच स्वतःहून पेटणारं. लायटरमधला 'चकमकीचा दगड' खरं तर दगड नसून कार्ल आउअर फॉन वेल्सबाखनं 1903 मध्ये शोधलेला मिश्रधातू आहे. खरवडला की त्याचे बारीक कण हवेतच पेट घेतात.

'पायराइट'मध्ये आग दगडाच्या पोटात आहे, ठिणगीच्या रूपानं. लोखंडावर आपटला की ठिणगी देणारा, म्हणून ग्रीकांनी त्याला आगीचा दगड म्हटलं. आपण मात्र त्याला ओळखतो तो मूर्खांचं सोनं म्हणून. नवख्यांनी एवढं लक्षात ठेवावं: पायराइट खडबडीत चिनी मातीवर घासला तर हिरवट काळी रेघ उठते, सोन्याची रेघ पिवळीच येते. आणि सोनं त्याच आकाराच्या पायराइटच्या जवळजवळ चौपट जड लागतं.

खनिजांच्या नावांत आगीची एक न्यारी भूमिका आहे, परीक्षकाची. एकोणिसाव्या शतकातला खनिजतज्ज्ञ खिशात फुंकणी बाळगायचा. दिव्याच्या ज्वाळेत फुंकणीनं हवा मारायची, खनिजाचा कण त्या झोतात धरायचा आणि काय होतं ते टिपून ठेवायचं. जे झालं, तेच नाव. तापवल्यावर पानं सुटल्यासारखा फुलतो तो पायरोफिलाइट, अग्नी-पर्ण. वितळून थेंब झाला आणि निवताना त्यानं पुन्हा स्फटिकाचे पैलू धरले तो पायरोमॉर्फाइट, अग्नी-रूप. वितळत्या काचेतली हिरवट झाक धुऊन काढतो तो पायरोल्युसाइट, म्हणजे आगीत धुणारा. नाव वाचलं की त्या माणसाच्या हातातला कण दिसतो. पण 'पायरोप' हा गार्नेट, म्हणजे एक रत्नखडा, तसा नाही. त्याला कोणी तापवलं नाही. तो नुसता गडद लाल आहे, आणि नावाचा अर्थ 'अग्निनेत्री' असा काहीसा होतो.

आता ताप. ग्रीकांनी तापाला आगीवरूनच 'पिरेटोस' म्हटलं, आणि वैद्यकातले बहुतेक 'पायर' इथून निघतात. पायरेक्सिया म्हणजे ताप, अँटिपायरेटिक म्हणजे तो उतरवणारं औषध. डॉक्टरांच्या कागदावर 'पीयूओ' दिसलं तर तो कारण न सापडलेला ताप. त्याची पहिली काटेकोर व्याख्या पीटर्सडॉर्फ आणि बीसन यांनी 1961 मध्ये केली: अनेकदा 38.3 अंश सेल्सियसच्या वर, तीन आठवड्यांहून अधिक काळ, आणि रुग्णालयात आठवडाभर तपासूनही निदान नाही.

सलाइनच्या नळीच्या पाकिटावर 'निर्जंतुक' शब्दाशेजारी 'नॉन-पायरोजेनिक' असं छापलेलं असतं. हे दोन शब्द एकच सांगतात असं समजून कित्येक जण दुसरा सोडून देतात. निर्जंतुक म्हणजे आत जिवंत जंतू नाही. पण मेलेल्या जिवाणूंच्या भिंतींचे अवशेष मागे राहू शकतात, आणि ते रक्तात गेले तर थंडी वाजून ताप भरतो. हे अवशेष म्हणजे पायरोजेन. ते उकळून जात नाहीत. काचेची भांडी त्यांच्यापासून मुक्त करायला साधारण 250 अंश सेल्सियसची कोरडी आच अर्धा तास द्यावी लागते. म्हणजे ज्याच्या नावात आग आहे, ते घालवायलाही आगच.

पण औषधाच्या नावात 'पायर' दिसलं म्हणून ते तापाचं औषध समजू नका. पायरॅझिनामाइड क्षयरोगावरचं, पायरँटेल जंतांवरचं, आणि पायरिडॉक्सिन म्हणजे बी-6 जीवनसत्त्व. या तिन्हींच्या नावांतली आग तापाची नसून रसायनशाळेची आहे.

रसायनशाळेची आग ही सगळ्यांत फसवी, कारण ती विझलेली असते. जुने रसायनज्ञ एखादं आम्ल तापवायचे आणि नवं काही मिळालं की मूळ नावाला 'पायरो' जोडून मोकळे व्हायचे. फॉस्फोरिक आम्लाचे दोन रेणू तापवले, पाण्याचा एक रेणू उडाला, उरलं ते पायरोफॉस्फोरिक. द्राक्षाशी नातं असलेलं टार्टारिक आम्ल तापवून बर्झेलियसनं 1835 मध्ये जे मिळवलं ते पायरुविक, आग आणि लॅटिन द्राक्ष यांची जोडी. पुढे कळलं की आपल्या प्रत्येक पेशीत ग्लुकोजच्या एका रेणूपासून पायरुवेटचे दोन रेणू सतत बनत असतात, तेही अंगाच्या साध्या उबेत. नाव बदललं नाही. हाडं तापवून मिळणाऱ्या तेलात सापडलं ते पिरिडीन. त्याच्या नावातून 'पिरिमिडीन' निघालं, आणि डीएनएच्या चार अक्षरांपैकी दोन, सायटोसिन आणि थायमिन, पिरिमिडीन आहेत. उरलेली दोन प्युरीन, जी पहिल्या पायरीवरच बाद केली. आनुवंशिकतेच्या शिडीत अर्धी अक्षरं आगीच्या आडनावाची आहेत असं म्हणता येईल, पण कृपा करून निबंधात लिहू नका.

ही साखळी किती लांब जाते बघा. डीएनएची नवी साखळी विणली जाताना प्रत्येक अक्षराबरोबर एक पायरोफॉस्फेट सुटतं. ते सुटलं की काजव्यातल्या ल्युसिफरेज या विकराच्या मदतीनं प्रकाश पाडायचा आणि तो मोजून अक्षर कोणतं ते ठरवायचं, ही पद्धत स्टॉकहोममध्ये 1990 च्या दशकात तयार झाली. तिचं नाव पायरोसीक्वेन्सिंग. यात जाळण्याचा काडीइतकाही भाग नाही. आग फॉस्फेटच्या नावातून उसनी आली. मात्र काजवा आहे, एवढंच समाधान.

रंग आणि चव यांचा उल्लेख थोडक्यात. ग्रीकमध्ये आगीवरून 'पिर्रोस', म्हणजे ज्वाळेसारखा तांबूस, असा शब्द झाला. 1834 मध्ये रुंगे या रसायनज्ञाला डांबरात एक द्रव्य सापडलं, त्याची वाफ हायड्रोक्लोरिक आम्लात भिजवलेल्या पाइनच्या काडीला लाल करायची, म्हणून ते 'पिरोल'. एपिरसचा राजा पिर्रस याच्या नावातही तोच तांबूस रंग आहे. इसवी सनपूर्व 279 मध्ये अस्कुलमच्या लढाईत त्यानं रोमनांना हरवलं, पण इतकी माणसं गमावून, की असा आणखी एक विजय आपल्याला संपवील असं तो म्हणाल्याचं प्लुटार्कनं नोंदवलं आहे. 'पिरिक विजय' तो हा. आगीत होरपळून मिळवलेला विजय असा त्याचा अर्थ लावतात, तो ऐकायला छान आहे पण बरोबर नाही. चवीचं उदाहरण अक्कलकारा. त्याची मुळी जिभेवर ठेवली की झणझणतं, आणि त्याच्या शास्त्रीय नावात 'पायरेथ्रम' आहे. हेच नाव पुढे शेवंतीच्या कुळातल्या एका कीटकनाशक फुलाला मिळालं, त्यावरून पायरेथ्रिन, आणि त्याच्या नकलेनं कारखान्यात बनवलेली पायरेथ्रॉइड. डास पळवायच्या वड्यांमध्ये आणि द्रवांमध्ये बहुतेक वेळा हीच असतात. तेव्हा डासाच्या अगरबत्तीवरच्या घटकांत 'पायर' दिसलं तर ते अगरबत्ती जळते म्हणून नव्हे.

चौथी पायरी: नुसताच 'पायरो' आला तर बोलणारा कोण ते बघा

मागेपुढे काही न लावता 'पायरो' असं म्हटलेलं असेल, तर शब्द फोडून काही हाती लागत नाही. माणूस कोणत्या धंद्यातला, ते बघायचं.

फिल्मवर फोटो काढणारे जुन्या वळणाचे छायाचित्रकार पायरो म्हणतात ते पायरोगॅलॉलला, म्हणजे गॅलिक आम्ल तापवून मिळणाऱ्या विकसक द्रव्याला. 1851 च्या ओल्या काचपट्टीच्या छायाचित्रणापासून ते वापरात आहे. ते विषारी आहे आणि कातडीतून अंगात जातं, म्हणून हातमोजे घातल्याशिवाय त्याला हात लावू नये. फुटबॉलच्या कट्टर चाहत्यांचा पायरो म्हणजे प्रेक्षागारात पेटवलेली रंगीत धुराची आणि ज्वाळेची नळकांडी. रंगमंचावरच्या लोकांचा पायरो म्हणजे स्फोट-ठिणग्यांचं सगळं काम. चित्रपटांसाठी संगणकावर दृश्यं घडवणाऱ्यांचा पायरो म्हणजे हूडिनी या सॉफ्टवेअरमधला धूर आणि आग बनवणारा भाग. तिथे खरी काडीसुद्धा ओढावी लागत नाही.

अंतराळयानवाल्यांचा पायरो मात्र समजून घेण्यासारखा आहे. यानाचा एखादा भाग ठरलेल्या क्षणी सुटायला हवा असतो, आणि मोटार किंवा खिट्टी अडकली तर दुसरी संधी नसते. म्हणून बोल्टमध्येच चिमूटभर स्फोटक ठेवतात. विजेचा झटका दिला की बोल्ट तुटतो. 2012 मध्ये क्युरिऑसिटी ही नासाची गाडी मंगळावर उतरली तेव्हा अशी 76 साधनं एकामागून एक बिनचूक उडावी लागली. मोटारीतली हवेची पिशवी आणि धडकेच्या वेळी आवळला जाणारा पट्टा यांतही हेच तत्त्व आहे.

कॉमिक्स वाचणाऱ्यांचा पायरो 1981 पासूनचा मार्व्हलचा खलनायक आहे. तो आग नाचवू शकतो, पण स्वतः निर्माण करू शकत नाही. 'टीम फॉर्ट्रेस 2' खेळणाऱ्यांचा पायरो मुखवटा घालून आगफेकी बंदूक चालवतो, आणि 'गेन्शिन इम्पॅक्ट'मध्ये सात मूलतत्त्वांपैकी एक पायरो आहे. प्रोग्रॅमरांचे तर दोन पायरो: एक दूरच्या संगणकांवरच्या पायथन वस्तूंना एकमेकांशी बोलायला लावणारा, दुसरा उबरच्या संशोधकांनी 2017 मध्ये काढलेला, संभाव्यतेची प्रतिमानं लिहिण्यासाठीचा. मदत मागताना कोणता पायरो ते पहिल्याच ओळीत सांगावं, नाहीतर उत्तरं भलतीच येतात.

माणसाला 'पायरो' म्हटलं असेल तर जपून. पायरोमेनिया हा मनोविकार आहे, आणि तो विरळा आहे. आग लावण्याची अनावर ओढ, लावण्याआधी ताण, लावल्यावर सुटका, असं त्याचं स्वरूप असतं. विम्याच्या पैशासाठी, सूडानं किंवा पुरावा नष्ट करायला आग लावणारा माणूस गुन्हेगार आहे, पायरोमेनियाक नव्हे.

पाचवी पायरी: मराठीत काय लिहायचं

'पायरो'साठी सगळीकडे 'अग्नी' चिकटवणं हा सोपा आणि वाईट उपाय. तिसऱ्या पायरीवरचं उत्तर हातात असेल तर शब्द आपोआप सुचतो. आग म्हणजे ताप असेल तिथे 'ज्वर' घ्या: ज्वरशामक, ज्वरजनक. आग म्हणजे तीव्र उष्णता असेल तिथे 'उत्ताप' चालतो; पायरोमीटरला 'उत्तापमापक' हा चांगला शब्द आपल्या परिभाषेत आहे. ज्वालामुखीच्या संदर्भात 'अग्निदलिक' आहे, तो वापरा, पण 'अग्निज'शी घोळ करू नका. अग्निज म्हणजे शिलारसापासून, म्हणजे वितळलेल्या खडकापासून, तयार झालेला कोणताही खडक, अग्निदलिक म्हणजे उद्रेकात फुटून पडलेल्या तुकड्यांचा. पायरोटेक्निक्ससाठी 'आतषबाजी' आणि 'दारूकाम' दोन्ही आहेत. शोभेचं असेल तर पहिला, कारागिरीचं असेल तर दुसरा. आतषबाजीतला 'आतश' म्हणजे फारसीतली आगच. यानाच्या बोल्टला मात्र यांतलं काही लावू नका, तिथे 'स्फोटक बोल्ट' पुरे.

विझलेल्या आगीच्या नावांचं भाषांतर करायच्या फंदात पडू नका. पायरुविक, पायरोफॉस्फेट, पिरिडीन ही नावं जशीच्या तशी ठेवा. त्यांच्या लेखनात मात्र 'पाय' आणि 'पि' दोन्ही चालू आहेत, म्हणून शोधताना दोन्ही रूपं टाकून बघा, आणि स्वतः लिहिताना एकाला धरून राहा.

शेवटची पायरी: हात बसवायला चार शब्द

पायरोसोम. सोम म्हणजे देह, म्हणून अग्निदेह. पण हा समुद्रात तरंगणारा, नळीच्या आकाराचा प्राण्यांचा समूह आहे. पाण्यात आग कुठून? तो अंधारात चमकतो. भूमिका: उजेड.

पायरोप्टोसिस. 2001 मध्ये घडवलेला शब्द. पेशी मरताना गपचूप न मरता फुगून फुटते आणि आजूबाजूला दाह पेटवते. भूमिका: दाह, म्हणजे तापाच्या वळणाची.

पायरोकॉकस फ्युरिओसस. गोल सूक्ष्मजीव, इटलीतल्या व्हल्कानो बेटाजवळच्या तापलेल्या समुद्रतळात सापडलेला, 100 अंश सेल्सियसच्या आसपास मजेत वाढणारा. भूमिका: राहायची जागा. दुसरं नाव त्याच्या सुसाट पळण्यावरून.

पायरोक्सीन. हा मुद्दाम शेवटी ठेवला. त्यातला 'क्सीन' म्हणजे परका, म्हणजे आगीला परका. फ्रेंच खनिजतज्ज्ञ आउई याला ज्वालामुखीच्या काचेत या खनिजाचे स्फटिक दिसले, आणि ते बाहेरून चुकून अडकले असावेत असं समजून त्यानं 1796 मध्ये हे नाव दिलं. प्रत्यक्षात ते त्याच शिलारसात, बाकीची काच गोठण्याआधी तयार झालेले होते. आगीतच जन्मलेल्या खनिजाचं नाव 'आगीला परका'. पुस्तकांत अजून तेच छापतात.